गॅस भरण्याआधी: बंगल्यातला डक्टचा एसी घरच्या घरी कसा सांभाळावा

एप्रिल लागला की मला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "दादा, एसी थंड करंना, गॅस उतरला वाटतं."

परभणी, नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर या भागात नवे बंगले बांधताना खोलीगणिक स्प्लिट एसी न लावता छतात एकच मोठं यंत्र बसवून डक्टने, म्हणजे हवेच्या मोठ्या पाइपांनी, सगळीकडे हवा नेणारे लोक आता भेटतात. घरभरणीच्या वेळी मालकाच्या हातात रिमोट आणि एक मोबाइल नंबर पडतो. यंत्र कुठे आहे, त्याचं पाणी कुठून जातं, फिल्टर कसा काढायचा हे कुणी दाखवत नाही. पहिला उन्हाळा बरा जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात "गॅस उतरला" सुरू होतं.

एका निवृत्त गुरुजींच्या घरी सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला होता. चौथ्या वर्षी मी गेलो. पॅसेजच्या भिंतीत हवा परत ओढून घेणारी मोठी जाळी होती आणि तिच्यासमोर लोखंडी कपाट उभं होतं. नातीच्या पुस्तकांसाठी आणलेलं. यंत्राला श्वासच घेता येत नव्हता. कपाट सरकवलं, फिल्टर धुतला, आणि तीन वर्षांत जास्तीचा भरलेला गॅस काढून योग्य वजनावर आणला. तासाभरात खोली २५ अंशांवर आली. गुरुजींचे तीन वर्षांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि कॉम्प्रेसरने तेवढा काळ जो ताण सोसला तो वेगळा.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी हवा, मग पाणी, मग वीज, आणि हे तिन्ही नीट असेल तरच गॅस. पहिल्या तिन्हींतलं बरंच काही घरातल्या माणसाला स्वतः बघता येतं, तेही पाना-पक्कड हातात न घेता.

आधी यंत्र कुठे आहे ते शोधा

डक्टच्या एसीचे दोन भाग असतात. आतला भाग बहुधा पॅसेज किंवा बाथरूमच्या वर फॉल्स सिलिंगमध्ये लपलेला असतो. त्यात एक पंखा आणि थंड होणारी कॉइल, म्हणजे पत्र्याच्या पात्यांतून फिरवलेली गॅसची नळी, असते. बाहेरचा भाग गच्चीवर असतो. त्यात कॉम्प्रेसर, गरम होणारी कॉइल आणि मोठा पंखा. दोघांना तांब्याच्या दोन नळ्या जोडतात. घरातली उष्णता आतली कॉइल उचलते, गॅस ती गच्चीवर नेतो आणि बाहेरची कॉइल ती हवेत सोडते. एसी थंडी तयार करत नाही, उष्णता वाहून नेतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

एका सुट्टीच्या दिवशी घरात फिरून एका कागदावर पाच गोष्टी लिहा: हवा परत घेणारी जाळी कुठे आहे, फिल्टर जाळीमागेच आहे की यंत्रापाशी, यंत्र तपासायचं झाकण छतात कुठे आहे, पाण्याचा पाइप कुठे बाहेर पडतो, आणि एसीचं वेगळं विजेचं पॅनल कुठे आहे. झाकणच सापडत नसेल तर ते कापून घ्या, निदान दोन बाय दोन फुटांचं. छत सुंदर दिसावं म्हणून झाकण ठेवू न देणारे इंटिरियरवाले मी पाहिले आहेत. त्या घरांत पुढे पाणी गळालं की अख्खं पीओपी फोडावं लागतं. या एका गोष्टीत मालकाने ऐकून घेऊ नये.

होळीच्या आसपासची पहिली सुरुवात

आपल्याकडे दिवाळीनंतर एसी बंद होतो तो होळीपर्यंत. एवढा काळ झोपलेलं यंत्र भर दुपारी एकदम चालू करू नका. मोठ्या यंत्रांच्या कॉम्प्रेसरच्या बुडाशी बऱ्याचदा एक छोटा हीटर असतो. थंडीत गॅस तेलात मुरतो. हा हीटर तेल उबदार ठेवून त्याला बाहेर काढतो. म्हणून आदल्या दिवशी पॅनलचा एमसीबी चालू करा, रिमोट मात्र बंदच ठेवा. यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू करा. तेलात गॅस मिसळलेला असताना कॉम्प्रेसर फिरला तर त्याच्या बेअरिंगला नीट तेल मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी फिल्टर धुवा, गच्चीवर जाऊन बाहेरच्या यंत्राच्या पंख्यात घरटं, चिंधी, पतंगाचा मांजा अडकलेला नाही ना ते बघा, आतल्या कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता. मग पहिली दहा मिनिटं नुसता पंखा चालवा. सुरुवातीला धुळीचा वास येईल, तो जाऊ द्या. त्यानंतर कूलिंग लावा.

हवा

मराठवाड्यातला एसी जितका धुळीने मरतो तितका दुसऱ्या कशानेही मरत नाही. मार्च ते मे शेतं उघडी पडलेली असतात, काळ्या मातीचा फुफाटा उडत असतो, आणि संध्याकाळचं वारं सुटलं की बंद खिडकीच्या फटीतूनही घरात थर बसतो. कोरडी धूळ झटकता येते. कॉइल मात्र ओली असते. तिच्यावर ही काळी माती बसली की तिचा लेप होतो, आणि तो पत्र्याच्या बारीक पात्यांमध्ये असा घट्ट बसतो की कॉइल खोलून धुवावी लागते. फिल्टर हा त्या लेपाला अडवणारा एकमेव पहारेकरी आहे.

पुस्तिकेत महिन्यातून एकदा फिल्टर धुवा असं लिहिलेलं असेल. आपल्याकडे एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी धुवा, घर शेताजवळ किंवा कच्च्या रस्त्याला लागून असेल तर दर आठवड्याला. आधी एसी बंद करा. जाळी उघडून फिल्टर काढताना हवा कोणत्या दिशेने जाते त्याची पेनाने खूण करा. अंगणात नेऊन हलकेच आपटा, सुटी धूळ पडू द्या. मग हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. उलट केलं तर ती जाळीत आणखी रुतते. अर्धी बादली पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तेच पाणी झाडांना घाला. गरम पाणी नको, उन्हात वाळवणं नको, नायलॉन वाकतो. सावलीत पूर्ण वाळला की खुणेप्रमाणे बसवा. फिल्टर वाळेपर्यंत एसी चालवायचा मोह होतो, कारण दुपारी जीव नकोसा झालेला असतो. तो मोह टाळण्यासाठी फिल्टरचा दुसरा जोड करून घ्या. हा माझा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा सल्ला आहे.

हवा पुरेशी ओढली जाते का हे बघायची साधी खूण: एसी चालू असताना वर्तमानपत्राचं एक पान परतीच्या जाळीवर धरून सोडा. ते चिकटून राहिलं पाहिजे. गळून पडलं तर फिल्टर तुंबला आहे, किंवा आतला पंखा नीट फिरत नाही, किंवा तुमच्याकडेही कपाट आहे.

पुढची चूक बचतीपायी होते. घरात दोघंच माणसं, म्हणून चार खोल्यांपैकी तीन खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या जातात. स्प्लिट एसीला ते चालतं, कारण तो त्या खोलीचाच असतो. डक्टच्या यंत्राचा पंखा मात्र सगळ्या घराच्या हवेसाठी बसवलेला असतो; साधारण एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट असा हिशेब असतो. वाट अडवली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल जास्त गार होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने उरलेली वाटही बंद. मालक म्हणतो, एसी चालू आहे पण वाराच येत नाही. एखादी जाळी अर्धी बंद करा, हरकत नाही. त्याहून जास्त अडवायचं असेल तर मेकॅनिककडून डॅम्परचं, म्हणजे डक्टमधल्या हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांचं, गणित बसवून घ्या.

बर्फ धरलेला दिसला, किंवा गच्चीवरच्या जाड नळीवर पांढरा थर दिसला, तर कूलिंग बंद करून नुसता पंखा दोन-तीन तास चालू ठेवा. बर्फ आपोआप वितळेल. ट्रेबाहेर पाणी पडलं तर म्हणून खाली घमेलं ठेवा. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं, काहीही लावून बर्फ काढायचा नाही. कॉइलच्या नळीला टोक लागलं की गॅस खरोखरच उतरतो.

एकच खोली गार होत नसेल तर दार बघा. दार लावून झोपल्यावर आत आलेल्या हवेला परत पॅसेजमध्ये जायला वाट लागते. दाराखाली बोटभर फट नसेल तर खोली फुग्यासारखी भरते आणि नवीन हवा आत शिरत नाही. दार उघडं ठेवल्यावर खोली गार होते आणि लावल्यावर होत नाही, एवढ्यावरून निदान झालं. सुताराला बोलवा, मला नको.

आता मोजमाप. दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एसी वीस मिनिटं चालल्यावर परतीच्या जाळीपाशी तापमान बघा आणि मग गार हवेच्या जाळीपाशी बघा. फरक ८ ते १२ अंश असेल तर यंत्र आपलं काम करतं आहे. मेच्या कोरड्या हवेत फरक जास्त दिसतो, पावसाळ्यात थोडा कमी, कारण तेव्हा यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. दर महिन्याला हा आकडा वहीत लिहून ठेवा. मेकॅनिक आल्यावर "थंड करत नाही" असं सांगण्यापेक्षा "मागच्या महिन्यात ११ होता, आता ६ आहे" असं सांगितलं तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमची फसवणूक होण्याची शक्यताही कमी होते.

इथे एक खरं सांगायला हवं. एसीवर छापलेली टनाची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि स्लॅबवरची हवा त्याहून गरम असते. त्यामुळे दुपारी तीन वाजता, वरच्या मजल्यावर, यंत्र २४ पर्यंत पोचलं नाही आणि २७ वर अडकलं तर तो बिघाड असेलच असं नाही. फरक १० अंश येतो आहे का ते बघा. येत असेल तर उपाय यंत्रात नाही, गच्चीत आहे. जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीचा थर ऊन खाली येऊ देत नसे. आपल्या सहा इंची स्लॅबला ते जमत नाही. गच्चीला पांढरा रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. अशा दुपारी रिमोट १८ वर नेऊन यंत्र लवकर गार करत नाही, फक्त थांबायचं विसरतं. स्टार लेबलच्या घरगुती एसींना जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर सुरू होण्याचा नियम आहे, तो यासाठीच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २५-२६ ठेवा आणि छताचा पंखा हळू फिरवा.

पाणी

पावसाळ्यात छतातून पाणी गळतं तेव्हा लोक म्हणतात, "उन्हाळाभर तर ठीक होता." ठीक नव्हता, कोरडा होता. मेच्या दुपारी आपल्या हवेत ओलावा इतका कमी असतो की कॉइलवर पाणी जमतच नाही म्हणा ना. पाइप तुंबलेला असला तरी कळत नाही. जूनअखेर हवा ओली झाली की तोच एसी दोन-तीन तासांत बादली भरेल एवढं पाणी काढतो, आणि वाट बंद असली की ते तुमच्या पीओपीत उतरतं. म्हणजे उन्हाळ्यात झालेला बिघाड पावसाळ्यात दिसतो.

म्हणून मृग लागायच्या आधी पाण्याची परीक्षा घ्या. यंत्र बंद करून झाकण उघडा, कॉइलखालच्या ट्रेमध्ये दोन लिटर पाणी हळूहळू ओता आणि घरातल्या कुणाला तरी पाइपाच्या बाहेरच्या टोकाशी उभं करा. पाणी धारेने, न थांबता आलं पाहिजे. ट्रेमध्येच तुंबून राहिलं तर पाइपात शेवाळी चिकटा बसला आहे. ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला लावून ओढला की तो निघतो. संडास साफ करायचं अॅसिड त्यात कधीही ओतू नका. ट्रे, कॉइल, नळ्या सगळं खाल्लं जातं.

पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. मध्ये कुठे पोट आलं असेल तर तिथे गाळ बसणारच. यंत्राजवळ पाइपाला इंग्रजी यू सारखं वळण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात. पंख्याच्या ओढीमुळे पाणी आतच अडकू नये म्हणून तो असतो. हिवाळ्यात त्यातलं पाणी सुकतं. पाइप बाथरूमच्या गटारीला जोडला असेल तर पहिल्या दिवशी घरभर गटारीचा वास सुटतो आणि लोक समजतात की डक्टमध्ये उंदीर मेला. तांब्याभर पाणी ओतून ट्रॅप भरला की वास जातो. नाही गेला, तर मग उंदीर शोधा. नवीन यंत्र बसवत असाल तर ट्रेमध्ये फ्लोट स्विच मागून घ्या. पाणी वर चढलं की तो एसी बंद करतो.

गळणारं प्रत्येक पाणी पाइपाचंच असतं असंही नाही. जाळीच्या कडेला काळे डाग आणि थेंब दिसत असतील तर डक्टवरचं इन्सुलेशन फाटलं आहे आणि गार पत्र्याला घाम येतो आहे. हंड्याला बाहेरून येतो तसाच. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान १८-२० वर ठेवलं तर चांगल्या डक्टलाही घाम येतो.

कूलरबद्दल दोन शब्द, कारण आपल्या प्रत्येक घरात तो आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर फार चांगलं काम करतो आणि वीज नगण्य खातो. दिवसा हॉलमध्ये कूलर, रात्री झोपायला एसी, असं करायला काहीच हरकत नाही. पण दोन्ही एकत्र लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी तेच पाणी वीज जाळून बाहेर काढतो.

एसीचं निघालेलं पाणी फेकू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला बादलीची किंमत सांगावी लागत नाही. हे पाणी झाडांना, फरशी पुसायला, फिल्टर धुवायला उत्तम. प्यायला नको, जनावरांनाही नको, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको. त्यात क्षार नसतात हे खरं, पण कॉइलवरची धूळ असते.

वीज

इथे घरच्या माणसाने बघायचं, वाचायचं, लिहून घ्यायचं; पॅनलच्या आत हात घालायचा नाही. एमसीबी पाडल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते आणि ती झटका देते.

पाच-साडेपाच टनांचं यंत्र बहुधा थ्री फेजवर चालतं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो तो तुम्हाला माहीत असेल. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा एक फ्यूज गेला, एक फेज उडाला, की मोटार जळू नये म्हणून तो ती बंद करतो. एसीच्या पॅनलमध्येही तोच असतो, बाहेरच्या यंत्रासाठी. त्यामुळे आतला पंखा चालू, पण हवा साधी येते, आणि गच्चीवर शांतता असेल, तर पहिल्यांदा प्रिव्हेंटरचा दिवा बघा. त्यावर बिघाडाची खूण असेल तर प्रश्न महावितरणच्या लाइनचा असू शकतो. शेजाऱ्यांकडे एखादा फेज नाही का, ते विचारा. शेतावर काही जण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार ओढतात. एसीच्या कॉम्प्रेसरवर हा प्रयोग करू नका, आणि कुणी "प्रिव्हेंटर बायपास करतो, लगेच चालू होईल" म्हणालं तर त्याला हात जोडून परत पाठवा. जळालेला कॉम्प्रेसर हा या यंत्रातला सगळ्यात महागडा खर्च आहे.

दुसरा प्रकार वादळानंतर दिसतो. वळवाच्या पावसात तार तुटली, लाइनमनने येऊन जोडली, सगळ्या घरात दिवे आले, फक्त एसी चालू होईना. तार जोडताना दोन फेज अदलाबदल झाले की असं होतं. दिव्यांना त्याने फरक पडत नाही, पण थ्री फेज मोटार उलटी फिरते. चांगला प्रिव्हेंटर हे ओळखून कॉम्प्रेसर सुरूच करत नाही. असा बंदोबस्त नसेल तर कॉम्प्रेसर उलटा फिरतो, जोरात खडखडतो आणि थंड काहीच करत नाही. असा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा. दोन तारा बदलायचं पाच मिनिटांचं काम आहे, पण ते परवानाधारक वायरमनचं आहे.

पॅनलवर डिजिटल व्होल्टमीटर बसवून घ्या. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण ३७५ ते ४५५, एवढं चालतं. मेच्या संध्याकाळी गावभर एसी-कूलर सुरू झाले की आकडा खाली येतो. ३७५ च्या खाली गेला तर एसी बंद ठेवून तासभर थांबा. वीज गेली तर रिमोट बंद करा आणि परत आल्यावर पाच मिनिटं थांबूनच चालू करा. कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. वीज तीनदा ये-जा करत असेल तर हा नियम आणखी कडक पाळा.

एमसीबी पडला तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा हात लावू नका, फोन करा.

आणि पाली. हसू नका, आपल्याकडच्या किती बंद पडलेल्या यंत्रांच्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, मला होरपळलेली पाल सापडली आहे. उबेला येते, दोन टोकांमध्ये अडकते, आणि यंत्र बंद. मुंग्यांचंही तसंच. केबल जिथून आत शिरते ते भोक सील करून घेतलं की हा त्रास संपतो.

गच्चीवर

बाहेरच्या यंत्राला चहूबाजूंनी दोन फूट मोकळी जागा द्या. पंखा वर फुंकणारा असेल तर त्याच्यावर पत्रा घालू नका, गरम हवा परत खाली येते. सावलीसाठी हिरवी जाळी गुंडाळणारे लोक यंत्राचं नाक दाबतात.

वर्षातून दोनदा, होळीला आणि दिवाळीनंतर, त्याची कॉइल धुवून घ्या. वीज पूर्ण तोडून, साध्या नळीने, आतून बाहेर. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने पत्र्याची पाती आडवी होतात आणि हवा बंद होते. जिनिंगजवळच्या घरांनी कापसाच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी नजर टाकावी; कापसाचा तंतू कॉइलवर गोधडीसारखा बसतो, तो कोरडाच, ब्रशने काढावा.

दुपारी यंत्र गार व्हावं म्हणून रोज बोअरचं पाणी मारायची पद्धत काही घरांत आहे. तात्पुरता फरक पडतो, मलाही दिसतो. पण आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी इतकं जड असतं की वाळल्यावर पांढरे क्षार राहतात. बादलीच्या कडेला बसतात तेच. दोन उन्हाळ्यांत कॉइलवर त्यांचं कवच तयार होतं आणि अॅल्युमिनियमची पाती भुसभुशीत होऊन बोटाने तुटतात.

गारपिटीचं भय आता दरवर्षीचं झालं आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी पिकं झोडपली तेव्हा गच्चीवरच्या यंत्रांच्या बाजूही ठोकल्यासारख्या झाल्या होत्या. वाऱ्याच्या बाजूला अर्धा इंची तारेची जाळी, यंत्रापासून वीतभर लांब, लावून घ्या. हवा अडत नाही, गार अडते. हिवाळ्यात यंत्र गोणपाटात पूर्ण बांधून ठेवू नका, आत उंदीर आणि खारी घर करतात आणि वायरी कुरतडतात. फक्त वरचं तोंड झाका, आणि होळीला एमसीबी लावण्याआधी ते झाकण आठवणीने काढा.

आणि मग गॅस

हवा, पाणी, वीज तिन्ही बघून झालं, फिल्टर धुतलेला आहे, गच्चीवरचं यंत्र चालतं आहे, तरी फरक पाच-सहा अंशांच्या वर जात नाही. आता मेकॅनिकला बोलवा आणि गॅसचं बोला.

गॅस ही पेट्रोलसारखी जळून संपणारी गोष्ट नाही. तो बंद नळीत फिरत असतो आणि दहा वर्षांनीही तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून "दर उन्हाळ्यात थोडा टाकावा लागतो" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला पहिला प्रश्न विचारा: गळती कुठे आहे? तेलाचा ओशट डाग बहुतेक वेळा जागा सांगतो, विशेषतः नळ्यांच्या जोडांवर.

नीट काम कसं होतं ते शेजारी उभं राहून बघा. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेतला जातो. मग नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहतात, साबणाच्या पाण्याने जोड तपासतात. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढतात. मोठ्या यंत्राला यात तासभर किंवा जास्तही जातो, आणि घाईत असलेला माणूस नेमका हाच तास गाळतो. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस भरतात. काटा न आणता "अंदाजाने" भरणाऱ्याला भरू देऊ नका. नळ्यांची लांबी ठरावीक मापापेक्षा जास्त असेल तर त्याचे जादा ग्रॅम कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

गॅस कोणता, तेही पाटीवरच असतं. जुन्या यंत्रात आर-२२ असेल. तो ओझोनच्या थराला मारतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार भारतासारख्या देशांत २०३० पर्यंत बंद होतो आहे. त्याचं यंत्र मोठ्या दुरुस्तीला आलं तर नवीन घेण्याचा हिशेब करून बघा. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे, ते द्रवरूपातच भरावं लागतं, नाहीतर प्रमाण बिघडतं. आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे. नळी जोडताना वेल्डिंगची ज्योत लागते, म्हणून आधी सगळा गॅस काढून नायट्रोजन फिरवलेला असलाच पाहिजे आणि खिडक्या उघड्या हव्यात. एकाच्या जागी दुसरा गॅस चालत नाही, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी वीस मिनिटं थांबा, थर्मामीटर काढा, दोन्ही जाळ्यांचा फरक मेकॅनिकसमोर मोजा. तो आकडा, तारीख, किती ग्रॅम भरला आणि गळती कोणत्या जोडाला होती, हे मार्करने पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून घ्या. वही हरवते. दार तिथेच राहतं, आणि पुढच्या वर्षी जो कुणी येईल त्याच्या ते समोरच येईल.